मदत हवी आहे: रापण आणि पर्ससीनवरच्या पेपरचं थीसिस स्टेटमेंट

नमस्कार मंडळी. मी मालवणची, एम.ए. समाजशास्त्र करतेय. सेमिनार पेपरचा विषय पर्ससीन (यांत्रिक बोटीतून माशांचा अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं) विरुद्ध पारंपरिक मासेमारी. माझं पहिलं थीसिस स्टेटमेंट, म्हणजे पेपरचं मुख्य प्रतिपादन: "पर्ससीनमुळे पारंपरिक मच्छीमारांवर परिणाम झाला आहे." सर म्हणाले, हे कोण नाकारणार? ज्यावर वाद होऊ शकत नाही, ते प्रतिपादन नव्हे. पटलं. रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा) दोर ओढणाऱ्या कुणालाही विचारा, बांगड्याचा थवा बाहेरच घेरला गेला की किनाऱ्याला काय येतं ते. त्यासाठी पेपर कशाला?

मग हे लिहिलं:

"2016 च्या शासन आदेशाने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा ठरवला, तरी या नियमाचं यश हंगामाच्या तारखांपेक्षा समुद्रातल्या गस्तीवर आणि बंदरावरच्या तपासणीवर जास्त अवलंबून आहे, म्हणून पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष आता बंदीसाठी कमी आणि अंमलबजावणीसाठी जास्त आहे."

यावर वाद घालता येईल असं वाटतं. पण 'म्हणून'च्या अलीकडे एक दावा आणि पलीकडे दुसरा, असं झालंय का? गस्तीचा भाग धोरणाचा, संघर्षाचा समाजशास्त्राचा. पेपर जेमतेम पंधरा पानांचा. माझा कल दुसरा भाग ठेवून पहिला प्रस्तावनेत ढकलण्याकडे आहे.

शिवाय मुलाखती अजून बाकी आहेत. त्यांत वेगळंच निघालं तर विधान बदलायचं, की आधीच मोघम ठेवायचं? मोघम ठेवलं तर सर पुन्हा परत पाठवणार, हे नक्की. ज्यांनी असे पेपर लिहिलेत किंवा तपासलेत, त्यांनी वाक्य बेधडक चिरावं.