मदत हवी आहे: चालून थांबलं तरी गुडघा वाकलेलाच दाखवतोय

नमस्कार मंडळी, बायोमेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुंबईतच एका लॅबमध्ये दोन महिन्यांची इंटर्नशिप चालूय. काम ऐकायला सोपं, मांडीवर एक आणि नडगीवर एक सेन्सर बांधायचा आणि माणूस चालताना गुडघा किती अंश वाकतो ते काढायचं. दोन्ही एमपीयू-६०५० आहेत (जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा भाग, आणि एक्सेलरोमीटर असलेली चिप), लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, सेकंदाला १०० रीडिंग घेते. जायरोचा आकडा १३१ ने भागला की अंश प्रति सेकंद, त्याची बेरीज करत गेलं की कोन, मांडी वजा नडगी म्हणजे गुडघा.

घोळ असा की मैत्रीण नुसती उभी असेल तर दोन मिनिटांत जेमतेम एखादा अंश सरकतो, ऑफसेट (सेन्सर स्थिर असतानाही जायरो दाखवतो तो आकडा) मी आधीच वजा करते. पण कॉरिडॉरमध्ये वीस पावलं चालून ती परत उभी राहिली की स्क्रीनवर ४० अंश! पोरगी ताठ उभी आणि ग्राफ म्हणतो अर्धी बसलीय. चाळीस पावलांना जवळजवळ दुप्पट, सावकाश चालली तर कमी. सर म्हणतात पट्टा घसरतोय, आता या दमट हवेत घामाने घसरतो हे खरंय, म्हणून खाली क्रेप बँडेज गुंडाळून वरून आवळला, बिचारीच्या पायावर वळ उठले, आकडा तोच. शुक्रवारी ग्राफ दाखवायचाय. फिल्टर लावून झाकू का? मनाला पटत नाहीये पण.

प्रतिसाद:
झाकू नकोस. उभं असताना बरोबर आणि जोरात चालताना चूक, म्हणजे भानगड वेगाची आहे. १३१ ने भागतेयस म्हणजे जायरो ±२५० अंश प्रति सेकंदाच्या रेंजवर आहे, पाय पुढे टाकताना नडगीचा वेग सहज ३०० च्या वर जातो, वरचं सगळं कापलं जातंय. नडगीची कच्ची फाइल उघड, ३२७६७ किंवा उणे ३२७६८ (सेन्सर देऊ शकतो ती दोन टोकं) लागोपाठ दिसतंय का बघ. दिसलं तर रेंज ±१००० कर आणि भागाकार ३२.८ ने, हे दुसरं हमखास विसरतात. आणि त्या मुलीचा पट्टा सैल कर आधी.

धागाकर्ती:
अहो काय सांगू, प्रत्येक पावलाला ३२७६७ च्या दहाबारा ओळी एकाखाली एक! ग्राफची टोकं सपाट दिसायची ती मला वाटायचं डेटा छान स्मूद आलाय. रेंज बदलली, वीस पावलांनंतर आता ३ अंश. एवढ्याला कॉम्प्लिमेंटरी फिल्टर (जायरोच्या कोनात एक्सेलरोमीटरचा कोन थोडा मिसळणारा) लावला तर चालेल ना?

प्रतिसाद:
आता लाव.