मदत हवी आहे: ब्लड कल्चरच्या बाटलीतून थेट सेन्सिटिव्हिटी (जंतूवर कोणतं अँटिबायोटिक चालेल याची चाचणी), छोट्या लॅबमध्ये कोणी करतं का?

नमस्कार. मी जिल्ह्याच्या गावातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. बाटलीत रक्तातले जंतू वाढले की कळवणारं ब्लड कल्चरचं मशीन आहे. जंतू झटपट ओळखणारं मॅल्डी-टॉफ, पीसीआर नाही. रात्री लॅबमध्ये एकच टेक्निशियन असते.

गेल्या महिन्यात आयसीयूतल्या एका बाईंची बाटली संध्याकाळी पॉझिटिव्ह झाली. ग्रॅम स्टेनमध्ये ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय (काडीसारख्या जंतूंचा एक गट) दिसले, लगेच फोन केला. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालूच होतं. दुसऱ्या दिवशी प्लेटवर वाढ, तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट: क्लेबसिएला न्युमोनिए, मेरोपेनेम रेझिस्टंट, म्हणजे त्यावर ते चालतच नव्हतं. पहाटेच त्या गेल्या होत्या. औषध आधी बदललं असतं तर वाचल्या असत्या का, कोण सांगणार? पण मधले ते तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

तेव्हापासून युकास्टच्या (अँटिबायोटिक चाचणीचे निकष ठरवणारी युरोपीय समिती) रास्ट या जलद चाचणी पद्धतीचा अभ्यास करतेय. बाटलीतलं 125 मायक्रोलिटर मिश्रण, पातळ न करता, म्युलर-हिंटन अगारच्या प्लेटवर पसरायचं, अँटिबायोटिकच्या नेहमीच्याच डिस्क लावायच्या आणि 4, 6, 8 तासांनी झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेली वर्तुळं) मोजायचे. नवं मशीन लागत नाही, म्हणून आम्हाला हेच जमेल असं वाटतं. अडतंय ते इथे: झोनचे आकडे जंतूनुसार वेगळे आहेत, म्हणजे आधी जंतू ओळखायला हवा. पाच-सहा तासांच्या कोवळ्या वाढीवर ऑक्सिडेज आणि स्पॉट इंडोल या झटपट चाचण्या करून ई. कोलाय आणि क्लेबसिएला वेगळे काढणं कितपत भरवशाचं? चुकीच्या तक्त्यावरून 'सेन्सिटिव्ह' कळवलं तर उशिरापेक्षा वाईट.

दुसरं, वेळ. वाचन ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं मागेपुढेच व्हायला हवं. संध्याकाळी सहाला मशीनवर पॉझिटिव्ह वाजलेल्या बाटलीचे झोन मध्यरात्री कोण मोजणार? रात्रीच्या टेक्निशियनला शिकवून, फोटो मागवून वाचन कोणी चालवलंय का?

कार्बापेनेमेज (मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणारी जंतूंची एन्झाइम्स) ओळखणारी 15 मिनिटांची पट्टीही विचारात आहे. आपल्याकडे त्यातले एनडीएम आणि ऑक्सा-48 गटच जास्त, आणि उपचार त्यावरच ठरतो: एनडीएमवर सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम एकटं चालत नाही, जोडीला अ‍ॅझट्रिओनाम लागतं. बाटलीतल्या रक्तपेशी फोडून, सेंट्रिफ्यूज करून खालच्या साक्यावर ही पट्टी थेट लावणाऱ्यांनी कृपया कृती सांगा. पट्टी निगेटिव्ह आली तर तुम्ही आयसीयूला नेमकं काय कळवता? जंतू दुसऱ्या मार्गानेही रेझिस्टंट असू शकतो, हे फोनवर दोन वाक्यांत समजावणं मला अजून साधत नाहीये.