थेरपिस्ट अनुभवी आहेत पण गाडी पुढे सरकत नाहीये, बदलू का?

अर्धाचहा: जरा लवकर सांगा प्लीज, परवा पुढचं सेशन आहे. बरेच महिने ऑनलाईन थेरपी घेतेय. मॅडम चांगल्या अनुभवी आहेत, सगळं बघूनच घेतल्या होत्या. पण होतं असं की मी बोलत राहते, त्या ऐकत राहतात, मधेच "हे सांगताना अंगात कुठे जाणवतंय?" असं काहीतरी विचारतात आणि ५० मिनिटं संपून जातात. मला हवंय ते एवढंच की भांडण झालं की तो गप्प बसतो आणि मग दोन दोन दिवस तोंड उघडत नाही, त्याचं काय करायचं. म्हटलं त्यालाही एकदा बोलवा आणि समजवा, तर सरळ नाही म्हणाल्या. मग उपयोग काय? "वेळ द्या" सोडून काहीही सांगा.

कोरडाठाक: "तो" म्हणजे कोण? नवरा, मित्र, भाऊ, बॉस? व्हिडिओ की नुसता फोन? दर आठवड्याला की आठवण येईल तेव्हा? आणि थेरपीतून नक्की काय साधायचं हे सुरुवातीला ठरलं होतं का?

निवांत_बसलोय: थेरपी वगैरे सोडा आणि रोज रात्री वहीत लिहा. माझं सगळं त्यानेच सुटलं. वही उलट उत्तर देत नाही.

अर्धाचहा: नवराच हो, अजून कोण असणार! व्हिडिओ, दर आठवड्याला. ठरलं वगैरे काही नाही, फॉर्मवर 'रिलेशनशिप' वर टिक केलं होतं.
@निवांत, वही उलट उत्तर देत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे, नवरापण देत नाही.

सावरी: मी या क्षेत्रात आहे म्हणून लिहिते. त्यांनी नवऱ्याला बोलावलं नाही ते योग्यच केलं. इतके महिने त्या तुमची बाजू ऐकतायत, आता तो आला तर त्याला त्या तुमच्या वकीलच वाटणार. जोडप्याची थेरपी वेगळी असते आणि शक्यतो वेगळ्या माणसाकडे घ्यावी. तुम्ही मागे लागता, तो आत जातो, तो आत गेला की तुम्ही अजून मागे लागता, हे चक्र इतकं कॉमन आहे की स्यू जॉन्सन यांची १९८० च्या दशकातली ईएफटी (भावनांवर काम करणारी जोडप्यांची थेरपी) बरीचशी त्यावरच उभी आहे. जोडप्यांवर संशोधन करणारे गॉटमन या गप्प होण्याला स्टोनवॉलिंग म्हणतात. बाहेरून माणूस थंड दिसतो पण आत छाती धडधडत असते, म्हणून ते किमान २० मिनिटांचा ब्रेक सुचवतात, पण "अमुक वाजता परत बोलू" असं सांगून. न सांगता निघून जाणं हा ब्रेक नव्हे.

तर्कट: हे सगळं ऐकायला छान, पण त्यांना टूल्स हवेत. मानसोपचारतज्ज्ञ बेक स्वतः मनोविश्लेषणातले, त्यांनीच १९६० च्या दशकात सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी, आणली. गृहपाठ असतो, विचार लिहून तपासायचे असतात, प्रगती दिसते. अंगात कुठे जाणवतंय विचारून कुणाचा संसार सुधारलाय?

सावरी: सीबीटी उत्तमच आहे, पण सरसकट सगळ्यांना तेच औषध कसं चालेल? मानसशास्त्रज्ञ बोर्डिन यांनी १९७९ मध्येच मांडलंय की थेरपिस्टशी नातं जमणं, ध्येय एक असणं आणि ते कसं गाठायचं यावर एकमत, तिन्ही लागतं. इथे ध्येयच ठरलेलं नाही.

तर्कट: नावं फेकून मुद्दा सिद्ध होत नसतो.

झोपमोड: मधेच विचारतो, थेरपिस्ट झोपेची गोळी लिहून देतात का?

कोरडाठाक: साधारणपणे नाही, त्याला सायकिअॅट्रिस्ट लागतो. वेगळा धागा काढा.

ठिपक्यांची_रांगोळी: ताई, एक विचारते, राग मानू नका. तो फक्त गप्प बसतो ना? धमकावणं, फोन तपासणं, पैसे अडवणं असं काही? असेल तर दोघांना समोरासमोर बसवणं धोक्याचं असतं, मग आधी सुरक्षिततेचं बघावं लागतं.

अर्धाचहा: नाही नाही, तसं काहीच नाही. उलट सेशन असलं की टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करतो बाहेरच्या खोलीत.

कोरडाठाक: थांबा. तो घरात असताना सेशन करता?

अर्धाचहा: मग काय झालं, दार बंद असतं, फॅन फुल स्पीडवर असतो. त्याच्याबद्दल काही बोलायचं असलं की मी चॅटमध्ये टाईप करते.

ठिपक्यांची_रांगोळी: अहो पण मग त्या बाईंना अर्धा माणूसच दिसतोय! त्यांना माहितीये का हे?

अर्धाचहा: प्रायव्हसी आहे ना असं त्यांनी पहिल्याच वेळी विचारलं होतं, मी हो म्हटलं. आहेच की.

गॅजेटगुरू: नॉईज कॅन्सलिंग हेडफोन घ्या, विषय संपला.

कोरडाठाक: त्याने बाहेरचा आवाज तुमच्या कानात येत नाही, तुमचा आवाज बाहेर जायचा थांबत नाही. तो घरी नसेल ती वेळ मागा, नाहीतर पार्क केलेल्या गाडीत बसा.

सावरी: आणि बदलण्याआधी परवा त्यांना स्पष्ट सांगा, "मला भांडणानंतर काय करायचं ते शिकायचंय, हे तुम्ही करता का?" कसलेल्या थेरपिस्टला अशा तक्रारीचा राग येत नाही. राग आला किंवा उत्तर गोलगोल आलं, तर खुशाल बदला.

तर्कट: आणि गृहपाठ मागा.

अर्धाचहा: ठीक, गाडीतून करते. त्याला काय सांगू पण, कुठे चालले म्हणून?

निवांत_बसलोय: आधी गाडीत नेटवर्क येतंय का बघा.