१००० कॅलरीचा डाएट सुरू करतोय – काटा कोणता घ्यावा? शेक की घरचंच जेवण?

खमंग_काकडी
डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ बाईंनी १२ आठवड्यांसाठी रोज १००० कॅलरीचा आहार लिहून दिलाय, प्रथिनं किमान ६० ग्रॅम. वय ४६, उंची १६८ सेंमी, वजन १०४ किलो, बीएमआय ३६.८. टाइप २ डायबेटिस, तीन वर्षं. गोळ्या: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, आणि बीपीची टेल्मिसार्टन + हायड्रोक्लोरोथायझाइड. अंडी चालतात, मासे-मटण नाही.
१) स्वयंपाकघरातला काटा कोणता?
२) एका जेवणाऐवजी शेकचं पाकीट घ्यावं का?
३) सोमवारी सुरू करतोय, गणपती तीन आठवड्यांवर. चालेल ना?
बजेट काट्यासकट महिन्याला ३५०० रुपये. कृपया बजेटमध्येच सुचवा.

केदार_ठाणे
बजेट थोडं वाढवा राव. एअर फ्रायर घ्याच, तेलाचा प्रश्नच मिटतो. आमच्याकडे सहा लिटरचा आहे, साडेआठ हजाराला पडला, वसूल. सोबत चरबी आणि स्नायू वेगवेगळे दाखवणारा स्मार्ट वजनकाटा घ्या, मोबाइलवर रोज आलेख येतो.

मोजून_मापून
एअर फ्रायरमध्ये आमटी होते का? मराठी जेवणातलं तेल जातं फोडणीत. त्याला पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा लागतो, दहा रुपयांचा. एक सपाट चमचा = साडेचार ग्रॅम = ४० कॅलरी. बाटलीतून "अंदाजे" ओतलं की सहज तीन चमचे पडतात.

चरबी दाखवणारे काटे पायातून बारीकसा करंट सोडून अंदाज बांधतात, तो अंगातल्या पाण्यावर हलतो. पहिल्या आठवड्यात साठवलेलं ग्लायकोजेन (यकृतात-स्नायूंत राखून ठेवलेली साखर) संपतं, एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी निघून जातं. काटा तेवढ्यावरून "स्नायू घटले" म्हणतो आणि माणूस घाबरून डाएट सोडतो.

स्वयंपाकाचा काटा: पाच किलो क्षमता, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा, टेअरचं (भांडं ठेवून आकडा शून्यावर आणायचं) बटण असलेला. तीन-पाचशे रुपयांत येतो. घेताना तीन गोष्टी बघा. पातेलं ठेवल्यावर आकडे झाकले जातात का? आपोआप बंद किती वेळाने होतो? (दोन मिनिटांत बंद पडला की टेअर पुसला जातो, मग पुन्हा पहिल्यापासून.) आणि सेल साधे पेन्सिलचे बसतात का? सेल उतरले की आकडा नाचायला लागतो.

गॅसवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवू नका, खालचा सेन्सर तापून आकडा सरकतो. आधी लाकडी पाट ठेवा, टेअर करा, मग भांडं. घरी आणल्यावर दहा मिलीची इंजेक्शनची सिरिंज घेऊन वाटीत दहा वेळा पाणी सोडा, १०० ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवं.

आणि तेल थेंब थेंब काट्यावर मोजू नका. बारीक बदल हे काटे गिळतात, शून्यच दाखवत राहतात. मोजायचंच तर बाटली काट्यावर ठेवा, टेअर करा, तेल ओतून बाटली परत ठेवा. उणे आकडा म्हणजे वापरलेलं तेल.

दोन_वेळाच_फक्त
एवढं मोजत कोण बसणार? दीक्षित सर सांगतात तसं दोन वेळा जेवा, ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही. काटा नको, शेक नको, खर्च शून्य.

चरत_राहा
परत आले! उपाशी राहून चयापचय मंदावतं. ऋजुता दिवेकर म्हणतात तसं थोडं थोडं, दर दोन तासांनी, घरचं तूप घालून.

दोन_वेळाच_फक्त
दर दोन तासांनी इन्शुलिन वाढवून वजन कसं उतरणार, तेवढं समजावून सांगा फक्त.

फार्मा_पंत
तुमचं चालू द्या. धागाकर्ते, काट्याच्या आधी गोळ्या बघा. या औषधांच्या डोसचं डॉक्टरांनी काय लिहून दिलंय?

खमंग_काकडी
"पुढच्या भेटीत बघू" म्हणाले. भेट महिन्याने आहे.

फार्मा_पंत
मग सोमवारच्या आत फोन करा. महिना थांबायचं काम नाही हे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून इन्शुलिन काढतं, तुम्ही काही खाल्लंय का हे त्याला कळत नाही. भाकरी अर्ध्यावर आणली आणि गोळी तेवढीच ठेवली की साखर ७० च्या खाली जाते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड मीठ-पाणी बाहेर काढतं, आणि डाएटच्या पहिल्या दोन आठवड्यांत शरीर ते काम आपणहून करतच असतं. दोन्ही मिळून उभं राहताना भोवळ. घरी बीपी मोजा: बसून, मग उठून उभं राहिल्यावर एकदा लगेच आणि एकदा तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने पडला तर डॉक्टरांना कळवा. डोस कमी करायचा की बंद, ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही. ग्लुकोमीटर असेलच, पहिले दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी टोचा.

डायबेटिसच्याच डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असत्या तर आणखी सांभाळावं लागलं असतं. कर्बोदकं कमी केली की या गोळ्यांवर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल चढू शकतं. तुमच्या यादीत नाहीत, बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

"कमी सोडियमचं" मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनसोबत ते रक्तात साठू शकतं.

लंडनची_माई
पंतांशी सहमत. स्कॉटलंड आणि टाइनसाइडमध्ये झालेल्या डायरेक्ट या चाचणीत (२०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली) साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करून दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरीचे शेक-सूप दिले होते, तीन ते पाच महिने. वर्षाने ४६ टक्के लोकांचा डायबेटिस गोळ्यांशिवाय आटोक्यात होता, दोन वर्षांनी ३६ टक्के. म्हणजे टिकवणं अवघड. त्यांचा डायबेटिस सहा वर्षांच्या आतला होता, तुमचा तीनच वर्षांचा, हे चांगलंय. इथे एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) त्याच धर्तीवर १२ आठवडे ८००-९०० कॅलरीचे शेक फुकट देते. मी तर म्हणेन तिन्ही वेळा शेकच घ्या. ताटात निवडायला काही उरलं नाही की मन खात नाही.

मोजून_मापून
माई, तिकडे फुकट. इथे पाकीट दीडशेला धरलं तरी दिवसाला तीन म्हणजे महिन्याला साडेतेरा हजार. बजेट वाचलंत का?

केदार_ठाणे
त्यापेक्षा व्हे प्रोटीनचा डबा घ्या, स्वस्त पडतो. दोन स्कूप म्हणजे ५० ग्रॅम प्रथिनं, झालं जेवण.

फार्मा_पंत
नाही झालं. प्रोटीन पावडर म्हणजे जेवणाची जागा घेणारा शेक नव्हे. तशा शेकच्या लेबलवर जीवनसत्त्वं, लोह, पोटॅशियम, मॅग्नेशियम, आवश्यक मेदाम्लं हे सगळं भरलेलं असावं लागतं. अमेरिकेत १९७७ च्या सुमारास कोलॅजेनपासून बनवलेल्या द्रव प्रथिनांवर जगणाऱ्या पन्नासहून जास्त लोकांचे मृत्यू नोंदले गेले, बरेचसे हृदयाची लय बिघडून. व्हे त्याहून कितीतरी चांगलं, पण जोड म्हणून.

इंजेक्शनवाला
मौंजारो (वजन-साखरेचं इंजेक्शन) मार्च २०२५ पासून भारतात मिळतंय. डाएट कशाला करताय अजून?

फार्मा_पंत
त्या इंजेक्शनसोबतही कमी कॅलरीचा आहारच लिहून देतात. आणि पुन्हा सांगतो, बजेट ३५००.

भाकरी_बहाद्दर
शेकशिवाय घरच्या जेवणात कसं बसतं ते लिहितो. सगळी वजनं कच्च्या मालाची:

सकाळी मूगडाळीचं धिरडं: डाळ ४० ग्रॅम, तेल ३ ग्रॅम – १५७ कॅलरी, प्रथिनं साडेनऊ ग्रॅम.
दुपारी ज्वारीचं पीठ ४० ग्रॅम, मटकी ३० ग्रॅम, दुधी/पालेभाजी २०० ग्रॅम, काकडी १०० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम – ३५० च्या आसपास, प्रथिनं १३.
चारला साय काढलेल्या दुधाचं दही २०० ग्रॅम – ७५, प्रथिनं ७.
रात्री सोया चंक्स ३० ग्रॅम, भाजी २०० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम – २००, प्रथिनं साडेअठरा. सोबत एक अख्खं अंडं आणि आणखी दोन अंड्यांचं पांढरं – १०४, प्रथिनं १३.

बेरीज ८८६ कॅलरी, ६१ ग्रॅम. उरलेल्या शंभरेक कॅलरीत चहाचं दूध आणि एक पेरू. कपाला ६० मिली टोन्ड दूध आणि दोन चमचे साखर म्हणजे ७५ कॅलरी. असे चार कप झाले की रात्रीच्या भाजीसकट अंडी गेली.

भाकरीचं गणित: नेहमीच्या भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ सहज जातं. २०० ग्रॅम पीठ आणि २०० मिली कढत पाणी घेतलं की ८० ग्रॅमचे पाच गोळे होतात, म्हणून पीठ न मोजता गोळा मोजा. थापताना परातीत भुरभुरवतो ते वरचं पीठ आठ-दहा ग्रॅम भरतं, ते मोजलेल्या पिठातूनच बाजूला काढून ठेवा. ४० ग्रॅमची भाकरी पातळ थापली तर कडा चिरतात. हात ओला करून लहानच थापा, वाटीच्या तोंडाएवढी.

आमटी-उसळ सगळ्या घराला एकच करा. चौघांना १२० ग्रॅम मटकी आणि चार चमचे तेल. रिकाम्या पातेल्याचं वजन त्याच्या बुडावर मार्करने लिहून ठेवा. उसळ झाली की पातेल्यासकट वजन करा, रिकाम्याचं वजा करा, चौथा हिस्सा तुमचा. पळी-वाटीने वाढलं की कधी दाणे येतात, कधी नुसता रस्सा.

चरत_राहा
तेल अजून कमी करता येईल की. शून्य तेलाची उसळ छान लागते.

फार्मा_पंत
लागते, पण करू नका. मेद पोटात गेला नाही की पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त तिथेच साचून खडे होतात. आठवड्याला दीड किलोहून जास्त उतरायला लागलं की धोका वाढतो. दिवसातलं एक तरी जेवण ७ ते १० ग्रॅम मेदाचं असू द्या. बहाद्दरांच्या यादीत फेरफार करायचा तर सकाळचं तेल दुपारी सरकवा. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखून कळ पाठीत गेली, किंवा पायाचा अंगठा लाल होऊन सुजला (युरिक ॲसिड, आणि तुमची बीपीची गोळी ते आणखी वाढवते), तर घरगुती उपाय नको.

चिंगी०७
काटा नक्की घ्या. आणि तेल चमच्याने मोजा. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या, पोट साफ राहतं.

मोजून_मापून
मोठा चमचाभर मध ६० कॅलरी. पोटासाठी इसबगोल एक चमचा, पण मोठा ग्लासभर पाण्यासोबत. पाणी कमी पडलं तर उलटं घट्ट होतं.

सोलापुरी_शेंगा
गणपती होऊ द्या हो. सणात डाएट म्हणजे घरच्यांना त्रास. विसर्जनानंतर सुरू करा.

लंडनची_माई
हो, गणपतीनंतरच करा. तोवर शेकही मागवून होतील.

भाकरी_बहाद्दर
मलाही तसंच वाटतं. एका उकडीच्या मोदकात पिठी २० ग्रॅम (७०), ओलं खोबरं १५ ग्रॅम (६०), गूळ १२ ग्रॅम (४५), वर चमचाभर तूप (४०): २१५ झाले. कुणी एकावर थांबतं का? आणि संकष्टीला साबुदाणा नको, तो जवळपास नुसता स्टार्च, त्यावर दाण्याचं कूट आणि तूप.

फार्मा_पंत
ग्लिमेपिराइड चालू असताना संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी तर अजिबात नाही.

दोन_वेळाच_फक्त
५५ मिनिटांत दोन मोदक बसतात.

व्यवस्थापक
दीक्षित-दिवेकर वादासाठी वेगळा धागा आहे, तिकडे जावे. या धाग्यावरचे तसे ९ प्रतिसाद हलवले आहेत.

खमंग_काकडी
सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांना फोन केला. ग्लिमेपिराइड सोमवारपासून बंद, बीपीच्या गोळीऐवजी आता नुसती टेल्मिसार्टन, दहा दिवसांनी बीपी आणि साखरेच्या नोंदी घेऊन बोलावलंय. काटा घेतला, ३८० रुपये. सिरिंजने तपासला, ९९ दाखवतो.

शेक घेत नाहीये, एक वेळचाही नाही. त्या पैशांत सोया, दही, अंडी भागतात. आणि सोमवारीच सुरू करतोय, गणपतीची वाट बघत नाही. गौरीच्या दिवशी एक मोदक, त्या दिवशी भाकरी आणि दही नाही, १३४ + ७५ = २०९, सहा कॅलरी वर. बाईंना विचारलं, चालेल म्हणाल्या, प्रथिनांसाठी दोन पांढरी वाढवा.
एकच राहिलं: १२ आठवडे संपल्यावर पुन्हा नेहमीचं जेवण कसं आणायचं?

लंडनची_माई
एकदम नाही. डायरेक्टमध्ये दोन ते आठ आठवडे घेऊन एकेक जेवण परत आणलं होतं. तुमचं आधीच जेवण आहे, तर दर आठवड्याला शंभर-दीडशे कॅलरी वाढवा, आधी डाळ-उसळ, भाकरी शेवटी. पण गणपतीनंतर सुरू केलं असतंत तर बरं झालं असतं.

केदार_ठाणे
एअर फ्रायरवर सध्या सेल लागलाय बरं का.

नवखा_२२
धागा पूर्ण वाचला नाही, पण काटा कुठला घेतला? लिंक द्या ना.