ऊसमळ्यांच्या हवेल्या: तिकीट काढून बघाव्यात की नाही?

नदीकाठ
मार्चमध्ये सासू-सासरे आले होते म्हणून ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला गेलो आणि एक दिवस मिसिसिपीच्या काठाकाठाने जाणाऱ्या रिव्हर रोडवर काढला. गुलामांच्या श्रमावर चाललेल्या ऊसमळ्यांच्या मालकांच्या जुन्या हवेल्या तिथे तिकीट लावून दाखवतात. सकाळी ओक अ‍ॅली: दुतर्फा २८ जुने ओक, त्यांच्या कमानीच्या टोकाला पांढऱ्या खांबांची हवेली. सासूबाई म्हणाल्या, "अगदी सिनेमातलं घर गं!" मागे गुलामांच्या खोपटांच्या प्रतिकृती आहेत, नावांची यादीही आहे. पण गर्दी पुढे, झाडांखाली.

दुपारी व्हिटनी. न्यू ऑर्लिन्सच्या जॉन कमिंग्ज नावाच्या वकिलाने १९९९ मध्ये ही जागा विकत घेतली आणि २०१४ च्या डिसेंबरात गुलामगिरीचं संग्रहालय म्हणून उघडली. तिथे सुरुवात चर्चमधल्या लहान मुलांच्या पुतळ्यांनी होते. पुढे एका अंगणात दगडावर २,२०० नावं कोरली आहेत, तीन वर्षांची व्हायच्या आत गेलेल्या गुलाम मुलांची. सासरे चष्मा पुसत एकेक नाव वाचत राहिले. हवेली आम्ही अगदी शेवटी पाहिली, आणि खरं सांगते, तोवर कुणाला तिच्यात रस उरला नव्हता.

माझं मत: जिथे दौरा दिवाणखान्यात सुरू होऊन दिवाणखान्यातच संपतो, तिथे यापुढे पैसे देणार नाही. लग्नं आणि फोटोशूट तर नकोच. तुम्हाला काय वाटतं?

वास्तुवेडा
असहमत. लुईझियानातलं नॉटोवे आठवा. १८५९ ची ६४ खोल्यांची हवेली १५ मे २०२५ ला जळून गेली आणि लोक समाजमाध्यमांवर टाळ्या पिटत होते. अहो, त्या विटा भाजल्या कुणी? लाकूड कुणी रंधलं? जळलं ते मालकाचं वैभव, तसंच गुलाम कारागिरांचं कामही. ओक अ‍ॅलीतच अँटवान नावाच्या गुलाम माळ्याने १८४० च्या दशकात पिकनचं (अक्रोडासारखा सुका मेवा) असं कलम बांधलं की पातळ सालीच्या पिकनची ती पहिली नामांकित जात ठरली. हे मला तिथे गेल्यावरच कळलं. लाकडी घराला छप्पर, रंग, वाळवी हे खर्च दरवर्षी असतात. तुम्ही तिकीट नाही काढलंत तर एक दिवस सगळं पाडून तिथे रसायनांचा कारखाना येईल. त्या पट्ट्यात तेही कमी नाहीत.

तिरकस
नॉटोवे हे हॉटेल आणि लग्नाचं कार्यालय होतं हो. १८६० मध्ये तिथे १५५ माणसं मालकीची होती. त्यांच्या राबण्याच्या जागेवर केक कापायचा आणि त्याला जतन म्हणायचं? २०१२ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या बून हॉल या गुलामांच्या जुन्या मळ्यावर लग्न केलेल्या रायन रेनॉल्ड्सने २०२० मध्ये जाहीर माफी मागितली. नटाला कळतं ते आपल्याला कळू नये?

वास्तुवेडा
माफी मागायला आठ वर्षं लागली, तेही नोंदवा. आणि लग्नाचं भाडं बंद केलंत तर छपराचे पैसे कोण देणार, ते सांगा. तुम्ही?

गुऱ्हाळवाला
आमचं कागलकडं गुऱ्हाळ होतं, त्यामुळं मी भलत्याच गोष्टीपाशी अडकलो. एका हवेलीच्या (नाव नको) अंगणात भली मोठी लोखंडी काहील, पाणी भरून आत कमळं सोडलेली. पोरीबाळी सेल्फी घेत होत्या. मी काठावरून हात फिरवला. जाड बीड, आतून घोटीव. शोभेची वस्तू नव्हे ती.

तिकडं एकाच चुलवाणावर चार-पाच काहिली ओळीनं, मोठीपासून लहानीपर्यंत. रस उकळत जाईल तसा पळ्यांनी उपसून पुढच्या काहिलीत ओतायचा, शेवटच्या लहान काहिलीत पाक. आमच्याकडं काहील एकच, उतरवायला पाच-सहा गडी लागतात. तेवढ्यातही चटका बसतो. माझ्या चुलत्याच्या पोटरीवर अजून डाग आहे. पण आमचा गुळव्या पाक बिघडवायची धमकी देऊन पगार वाढवून घ्यायचा. तिथं दंव पडून ऊस नासायच्या आत सगळं उरकायचं म्हणून चरक आणि भट्ट्या दिवसरात्र चालत, आणि धमकी द्यायची सोय नव्हती. लुईझियानाच्या ऊसपट्ट्यात गुलामांमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. माणसं विकत आणून भर घालत.

तेव्हा वास्तुवेडासाहेब, मला हवेली पाहायची हरकत नाही. पण काहिलीत कमळं सोडणाऱ्यानं शेजारी एक ओळीची पाटी तरी लावावी.

अवांतर: ही ओतपोत थांबवणारी युक्ती न्यू ऑर्लिन्सच्याच नॉर्बेर रिलियो या मिश्रवंशीय, स्वतंत्र इंजिनियरची. एका पात्राच्या वाफेवर पुढचं पात्र उकळायचं. पेटंट १८४३ चं. आपल्या साखर कारखान्यात रस आटवायच्या भांड्यांची रांग दिसते, ती याच तत्त्वावर.

मीनल_व्हर्जिनिया
गुऱ्हाळवाला +१.
मी अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याच्या मोंटिसेलो या हवेलीला दोनदा गेले, १९९६ आणि २०१९. पहिल्यांदा सगळा वेळ त्याची उपकरणं, पुस्तकं, बाग. सॅली हेमिंग्जचं, म्हणजे जिच्या मुलांचा बाप जेफरसन असल्याचं म्हटलं जायचं त्या त्याच्या गुलाम स्त्रीचं, नाव मीच विचारलं तर वाटाड्या गडबडला. मग १९९८ मध्ये वंशजांची डीएनए चाचणी झाली, तिने त्या म्हणण्याला बळ दिलं, आणि २०१८ मध्ये संस्थेने तिच्यासाठी एक दालनच उघडलं. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं मालकीची ठेवली, हे आता तिथले लोक आपणहून सांगतात. घर तेच, खिडक्याही त्याच, फक्त सांगणं बदललं. बहिष्कारापेक्षा प्रश्न विचारून हे झालं, असं मला वाटतं.
उलट गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी बाई तासभर 'सर्व्हंट्स' म्हणत होत्या. पगार किती होता म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी भेटवस्तूंचं दुकान आलं.

पुणेकर_परदेशी
शनिवारवाड्यावर जाताना तुम्ही विचारता का, कुणाच्या घामाने बांधला? मग अमेरिकेला शहाणपण शिकवायला का जायचं?

नदीकाठ
पुणेकरभाऊ, विचारू की! पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या (गुलाम बायकांच्या) खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. वाड्यावर कुणी सांगत नाही, ही तक्रार माझीही आहे. आणि अमेरिकेशी आपला संबंध नवा नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांना तिकडचं दिसत होतं आणि इकडचंही.

मीनलताई, तुमचा मुद्दा मात्र लागला. 'पैसे देणार नाही' हे जरा मागे घेते. जाईन, पण पगाराचा प्रश्न पहिल्या खोलीतच विचारीन.

तिरकस
आणि वास्तुवेडासाहेब लग्नाच्या हॉलचं भाडं भरतील.

वास्तुवेडा
लग्नावर मी अजून ठाम आहे. पाटीवर नाही. पाटी हवी.

साखरझोप
वाद चालू द्या, मला एकच सांगा. जुलैत आईला घेऊन जायचंय, गुडघे दुखतात. एकच जागा जमेल. कुठली?

नदीकाठ
व्हिटनी. पण बरंचसं बघणं उघड्यावर आहे आणि जुलैचं ऊन फार वाईट. सकाळची पहिली वेळ घ्या, छत्री, पाणी. त्या नावांच्या अंगणात आई थांबतीलच, तेव्हा घाई करू नका.