पावसाळी ओल, मुलाच्या शिंका आणि एअर प्युरिफायर : आधी खर्च कशावर करावा?

पंचगंगाकाठी :

नमस्कार. आमचे घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, नदीपासून फार लांब नसलेल्या गल्लीत आहे. खालचा मजला जुना, दगड-विटांचा असून २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत तिथे पाणी शिरले होते. नंतर आम्ही भिंतींना पुट्टी भरून ऑइल पेंट दिला, तरी मृगाचा पाऊस सुरू झाला की पलंगामागच्या भिंतीचे पोपडे सुटतात, कपाटामागे काळी बुरशी धरते आणि खोलीला कुबट वास येतो. आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला सकाळी उठल्या उठल्या शिंकांवर शिंका येतात, नाक गळते, डोळे खाजतात; शाळेत गेल्यावर मात्र तो हळूहळू बरा होतो. डॉक्टरांनी ॲलर्जीचे निदान करून औषध सुरू केले आहे आणि घरातील धूळ व ओल कमी करण्यास सांगितले आहे.

दुकानातील विक्रेत्याच्या मते हेपा फिल्टरचा प्युरिफायर घेतला की प्रश्न मिटला. सासूबाईंच्या मते गाद्यांना ऊन दाखवावे आणि तिन्हीसांजेला घरभर धूप फिरवावा. यंदा एकच मोठा खर्च झेपण्यासारखा आहे. तो कशावर करावा?

राजारामपुरी, गल्ली नंबर विसरा :

ताई, त्रास झोपून उठताना होतो आणि घराबाहेर पडल्यावर ओसरतो, हे आपल्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. अशा वेळी पहिला संशय अंथरुणावर घ्यावा. गादी, उशी आणि वाकळ यांमध्ये डोळ्यांना न दिसणारे धुळीतील किडे, म्हणजे डस्ट माइट, राहतात. ते आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतात आणि पाणी न पिता हवेतील दमटपणा शोषून घेतात. म्हणून सापेक्ष आर्द्रता ७० ते ८० टक्के असताना ते भराभर वाढतात आणि ती दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली तर वाळून मरतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात ५० टक्के आर्द्रता कुठून आणायची, हा प्रश्न रास्तच आहे, पण खोलीत आर्द्रता किती आहे हे कळावे म्हणून एक साधा हायग्रोमीटर मात्र जरूर घ्या. तो प्युरिफायरच्या मानाने फारच स्वस्त असतो.

आता प्युरिफायरविषयी. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, हे विक्रेत्याचे सांगणे खरे आहे, परंतु ॲलर्जी होते ती मुख्यतः या किड्यांच्या विष्ठेमुळे, आणि ते कण बहुधा १० मायक्रॉनपेक्षा मोठे व जड असल्यामुळे अंथरूण झटकल्यावर थोड्याच वेळात खाली बसतात. मुलाचे नाक रात्रभर उशीला टेकलेले असते आणि यंत्र खोलीच्या कोपऱ्यात हवा गाळत असते. उशीत असलेले त्याच्या हाती लागायचे कसे?

म्हणून पहिला खर्च गादी आणि उशी पूर्णपणे बंद करणाऱ्या, घट्ट विणीच्या, चेन असलेल्या खोळींवर करावा. केवळ वर अंथरण्याचे कव्हर उपयोगाचे नाही. खोळ सहाही बाजूंनी बंद हवी. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवावेत. बंबातले किंवा गिझरचे कडकडीत पाणी बादलीत घेऊन कपडे त्यात भिजवून ठेवले तरी चालते, फक्त रंग जाणारी वाकळ त्यात घालू नये. मऊ खेळणी रात्रभर, शक्यतो पूर्ण दिवसभर, फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि मग धुवावीत, कारण थंडीने किडे मरतात पण त्यांची विष्ठा तशीच राहते. उन्हाचेही तेच आहे. सासूबाईंचे ऊन दाखवणे योग्यच आहे, परंतु वाळवलेली गादी गच्चीवरच काठीने झोडपावी, घरात आणून नव्हे, आणि त्या वेळी मुलाला जवळ फिरकू देऊ नये. कापसाची गादी फार जुनी असेल तर खोळ घालण्यापूर्वी ती पिंजाऱ्याकडून नव्याने भरून घेणे उत्तम.

चुना-विटा (बांधकामाशी संबंधित) :

खोळींचा सल्ला पटला, पण भिंत तशीच राहिली तर खोलीतील आर्द्रता हटणार नाही, आणि बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हे स्वतंत्र ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी उठवणारे घटक, आहेत. आपल्या जुन्या भिंतींच्या पायात ओलरोधक थर बहुधा नसतो, त्यामुळे जमिनीतील पाणी विटांमधून केशाकर्षणाने वर चढते. येताना ते क्षार घेऊन येते. पाणी उडून जाते, क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिकांच्या रूपात साठतात आणि गिलावा आतून ढकलला जातो. भिंतीला लोणा लागतो तो असा. त्यावर ऑइल पेंट देणे म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट चढवण्यासारखे आहे : पाणी आत कोंडते, भिंतीत आणखी वर चढते आणि शेवटी रंगासकट पोपडा पडतो.

पावसाळ्यात कोणतेही रंगकाम करू नका. ऑक्टोबरमधील ऊन लागले की खराब गिलावा ओलाच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत खरवडून काढावा, भिंत काही आठवडे उघडीच वाळू द्यावी आणि मग चुन्याचा गिलावा व चुन्याचाच हात द्यावा. चुन्याच्या थरातून वाफ बाहेर जाऊ शकते आणि ताजा चुना अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही. हे करणारे गवंडी आता शोधावे लागतात, तरी पेठांतील जुन्या वाड्यांची डागडुजी करणाऱ्यांकडे चौकशी करून पाहा. पलंग आणि कपाट भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढा. काळी बुरशी कोरडी घासू नका, कारण बीजाणू खोलीभर उडतात. पाण्यात साबण घालून ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या. बुरशी काढताना कुणी ब्लीचिंग पावडर वापरली, तर तिच्यात संडास साफ करण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

खिडक्या उघडण्याबाबत एक सूक्ष्म बाब. संततधार सुरू असताना बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, तेव्हा खिडकी उघडून खोली वाळत नाही. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि पंखा सोडावा. कपडे मात्र त्या खोलीत वाळत घालू नयेत.

उसाच्या गावाहून :

धुपाविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. सासूबाईंचा मान राखून सांगतो, की ॲलर्जी असलेल्या मुलाच्या खोलीत धूप, उदबत्ती आणि मच्छर कॉइल यांपैकी काहीही नको. एक कॉइल जळताना पीएम २.५ प्रकारचे जेवढे सूक्ष्म कण सोडते, तेवढे कण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. मच्छरदाणी बांधा. देवघरात निरांजन लावून उदबत्ती उंबऱ्याबाहेर किंवा तुळशीपाशी लावली तर बहुतेक घरांत वाद होत नाही, असा अनुभव आहे.

उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणीसाठी मिरच्या भाजण्याचे काम मुलगा घरात नसताना, एक्झॉस्ट पंखा लावून किंवा गच्चीवर करावे. ऊस तुटल्यानंतर आमच्याकडे पाचट पेटवतात आणि त्या दिवसांत धूर नि काजळी शहराच्या कडेपर्यंत येते. त्या धुराचे कण अतिसूक्ष्म असतात आणि हवेत तासन्तास तरंगतात. तिथे खिडक्या लावून प्युरिफायर चालवण्याला खरा अर्थ आहे. तेव्हा यंत्र वाईट नाही, आपल्या मुलाच्या सकाळच्या शिंकांवरचे ते पहिले औषध नाही, इतकेच. पुढे घेतलेच तर खोलीच्या आकाराला पुरेसा सीएडीआर, म्हणजे यंत्र किती वेगाने स्वच्छ हवा देते त्याचे माप, पाहून घ्या आणि ओझोन सोडणारे आयनायझर असलेले मॉडेल टाळा, कारण ओझोन श्वसनमार्गाला त्रास देतो.

पंचगंगाकाठी :

सर्वांचे मनापासून आभार. खोळी याच आठवड्यात मागवते, प्युरिफायर यंदा नाही, आणि भिंतीचे काम दिवाळीच्या आधी काढायचे असे घरात ठरले. एक शंका राहिली : खोळी घालून, गरम पाण्यात धुऊनही फरक दिसला नाही तर काय समजावे?

राजारामपुरी, गल्ली नंबर विसरा :

थोडा धीर धरावा लागेल, कारण किडे मेले तरी साचलेले ॲलर्जन धुऊन-पुसूनच निघते आणि त्याला काही आठवडे जातात. त्यानंतरही त्रास तसाच असेल, तर डॉक्टरांना त्वचेवरील प्रिक चाचणीविषयी विचारा. माइट, बुरशी, झुरळ, गाजर गवताचे पराग यांपैकी नेमके कशाला शरीर संवेदनशील आहे, याचा अंदाज तिच्यातून येतो. जुन्या घरांत झुरळांकडे दुर्लक्ष होते, पण तेही मोठे कारण असू शकते. चाचणीपूर्वी ॲलर्जीची गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते, अन्यथा निकाल खोटा नकारार्थी येतो. ती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. मुलाला रात्री खोकला किंवा छातीत घरघर जाणवत असेल, तर मात्र खोळींचा परिणाम पाहत थांबू नका, लगेच दाखवून घ्या.