स्वस्त डिस्क, घरचे चित्रीकरण आणि दर्जाचा प्रश्न

गोदाकाठ:
सातपूरकर यांनी परवा लिहिले की, घरचे चित्रीकरण डीव्हीडीवर उतरवून घेणे हा आता निव्वळ हट्ट आहे, स्वस्त डिस्कवर चित्र धूसरच येणार, तेव्हा शहाण्या माणसाने सगळे पेन ड्राइव्हवर टाकून मोकळे व्हावे. वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

चित्र धूसर येते ते डिस्क स्वस्त असल्यामुळे नव्हे, तर तिच्यात किती कोंबायचे याचा हिशेब कोणी करत नाही म्हणून. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. आवाजासह सेकंदाला ८ मेगाबिट माहिती हा दर धरला, तर साधारण ७८ मिनिटे बसतात, आणि मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल टेपवरचे नेटके चित्रीकरण या दराने उतरवले की मूळ टेप कोणती आणि डिस्क कोणती हे घरच्या टीव्हीवर सहसा ओळखू येत नाही. आपल्याकडे मात्र हळदीपासून वरातीपर्यंतचे तीन तास एकाच डिस्कवर बसवण्याची पद्धत पडली. दर साडेतीन मेगाबिटांच्या खाली गेला आणि अक्षता उडाल्या रे उडाल्या की पडदाभर चौकोन दिसू लागले, कारण एकाच वेळी सगळीकडे हालचाल असलेले असे दृश्य सर्वांत जास्त बिट मागते. दुसऱ्या डिस्कचे चार पैसे वाचवले आणि दोष डिस्कच्या माथी मारला.

व्हीएचएस कॅसेटचा हिशेब निराळा. तिच्यात आडव्या दिशेने मुळात २४० रेषांच्या आसपासच तपशील असतो, तरी लोक ती ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) आकारातच उतरवतात. डीव्हीडीला ३५२ बाय ५७६ हा आकारही चालतो. तो निवडला, तर दोन तासांची कॅसेट चार मेगाबिटांत स्वच्छ बसते.

सातपूरकर:
हिशेब चोख आहे, पण तो वीस वर्षांपूर्वीचा आहे. आज चित्रीकरण मोबाइलवर होते, १९२० बाय १०८० मध्ये. त्यात २०,७३,६०० ठिपके असतात आणि तुमच्या डीव्हीडीत ४,१४,७२०, म्हणजे बरोबर एक पंचमांश. चार हिस्से तुम्ही स्वतःच्या हाताने फेकून देणार आणि उरलेल्याला दर्जेदार म्हणणार. शिवाय मोबाइल सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) घेतो आणि पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीची डीव्हीडी २५ दाखवते, त्यामुळे कॅमेरा जरा फिरवला की चित्र अडखळते. नव्या लॅपटॉपला डिस्क ड्राइव्हच नसतो. आपल्या देशात डिस्क बनवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. वस्तू बनवणारेच उठून गेले आणि आपण अजून तिच्यावर आठवणी साठवायच्या, हे तर्कात बसत नाही. लिहायच्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि दमट हवेने खराब होतो, याबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही.

पंचवटीची सून:
पेन ड्राइव्हचे गुणगान आमच्या घरी येऊन करावे. मुलीच्या बारशाचे चित्रीकरण पेन ड्राइव्हवर होते, भाच्याने त्यावर गाणी भरण्यासाठी तो कोरा केला आणि विषय संपला. एकदा लिहिलेल्या डीव्हीडी-आरवर कोणाला काही पुसता येत नाही, हाच तिचा मोठा गुण आहे. माझ्या सासऱ्यांना टीव्हीच्या मेन्यूत शिरून फाइल शोधता येत नाही, पण डिस्क आत सरकवून बटण दाबता येते.

माझा राग मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे. तुम्ही दोघे ठिपके मोजत बसला आहात आणि आवाजाबद्दल कोणीच बोलत नाही. आमच्या लग्नात आजेसासूबाईंनी स्वतः रचलेले मंगलाष्टक म्हटले होते. डिस्कवर त्या दिसतात, हातातला कागद डोळ्यांजवळ नेतात, ओठ हलतात, आणि ऐकू येते ती सनई, तिच्यापाठोपाठ एक चित्रपटगीत. मिक्सिंग करणाऱ्याने मूळ आवाज सरसकट काढून टाकला. आज त्या नाहीत. या चित्रात पाचपट ठिपके असते, तरी मला त्यांचा काय उपयोग होता?

मेनरोडचा स्टुडिओवाला:
ताई, आपल्या दुःखाबद्दल आदर राखून सांगतो की, गाणी आम्ही हौसेने टाकत नव्हतो. कार्यालयातला मूळ आवाज म्हणजे जनरेटर, लाउडस्पीकरची शिट्टी आणि जेवणाच्या पंगतीतला गलका. तो ठेवला की लोक कॅसेट परत आणून देत आणि 'गाणी कुठे आहेत?' म्हणून पैसे अडवत. ज्यांनी इफेक्ट, टायटल आणि गाणी मागून घेतली, तेच लोक आज मूळ आवाज कुठे आहे असे विचारतात. रात्रभर एडियस या संपादनाच्या सॉफ्टवेअरवर बसून दोन दिवसांत डिस्क हातात देणाऱ्या माणसाला सगळ्यांनी मिळून झोडपायचे, हा कुठला न्याय?

पंचवटीची सून:
पंगतीतल्या गलक्यावर गाणे टाकले, त्याबद्दल कोण तक्रार करते आहे? मंगलाष्टके आणि पंगत यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने लग्नाचे काम घेऊ नये. आणि 'ग्राहकांनी मागितले' हे सगळ्यांच्या नावावर खपवू नका. आम्हाला कोणी विचारलेच नव्हते.

मेनरोडचा स्टुडिओवाला:
मग मूळ टेप मागून घ्यायची होती. आम्ही ती ठरावीक काळ ठेवत असू आणि नंतर पुढच्या कामाला वापरत असू, कारण नव्या टेपचे पैसे द्यायला कोणी तयार नसे. सगळा दोष स्टुडिओवाल्यांचा, ग्राहक मात्र धुतल्या तांदळासारखे, असे असेल तर मी येथे लिहिणेच बंद करतो.

गोदाकाठ:
लिहिणे बंद करू नका, एका प्रश्नाचे उत्तर द्या. डीव्हीडीवर एकाच चित्राबरोबर आठपर्यंत ध्वनिपट ठेवता येतात. पहिल्यावर गाणी आणि दुसऱ्यावर मूळ आवाज ठेवला असता, तर ज्याला जे हवे ते त्याने रिमोटवरच्या ऑडिओच्या बटणाने निवडले असते. १९२ किलोबिटांचा असा जादा ध्वनिपट सव्वा तासाला ११० एमबीसुद्धा घेत नाही. चित्राच्या वाट्याचे त्यात फारसे काही जात नाही. मग कोणत्याच स्टुडिओने हे का केले नाही?

मेनरोडचा स्टुडिओवाला:
कोणी मागितले नाही आणि वेळही नव्हता, हे खरे उत्तर आहे. हे करता येते याची आम्हाला कल्पना होती, एवढे कबूल करतो. आपले समाधान झाले असावे.

सातपूरकर:
मंगलाष्टके आटोपली असतील, तर मूळ प्रश्नाकडे वळू या. मोबाइलच्या चित्रीकरणाचे एक पंचमांश होणे आणि अडखळणे, यांवर अजून उत्तर आलेले नाही.

गोदाकाठ:
आता देतो. ३० चौकटींचे चित्रीकरण पाल पद्धतीत उतरवण्याची सक्ती कोणी केली? डिस्क एनटीएससी या अमेरिकी टीव्ही-पद्धतीची, ७२० बाय ४८०, २९.९७ चौकटींची करावी. आपल्याकडच्या बहुतेक प्लेअरना आणि टीव्हींना दोन्ही पद्धती चालतात. उभ्या दिशेने रेषा थोड्या कमी होतात, पण अडखळणे जाते. ज्यांना पूर्ण १०८० हवे असेल, त्यांनी त्याच स्वस्त डीव्हीडीवर एव्हीसीएचडी या हाय-डेफिनिशन चित्रीकरणाच्या रचनेत १७ मेगाबिटांनी सुमारे ३६ मिनिटे उतरवावीत; बारशाला तेवढी पुरतात. मात्र ती डिस्क साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही, ब्लू-रे प्लेअर लागतो, तोही एव्हीसीएचडी वाचणारा. टिकाऊपणाविषयी म्हणाल, तर १६ एक्स वेगाची डिस्क ८ एक्सने, म्हणजे निम्म्या वेगाने लिहावी, लिहून झाल्यावर तपासणी करून घ्यावी, तिच्यावर कागदी स्टिकर चिकटवू नये आणि ती पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये.

सातपूरकर:
म्हणजे स्वस्त डिस्कसाठी महागडा ब्लू-रे प्लेअर घ्यायचा, हे स्वस्ताईचे गणित आपल्यालाच लखलाभ होवो. वयस्कर मंडळींसाठी एक प्रत डिस्कवर असावी, एवढे मी ताईंच्या सासऱ्यांकडे पाहून मान्य करतो. पण मोबाइलची मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर असल्याशिवाय डिस्क लिहायला बसू नये, आणि ती फाइल जपण्याचे काम कोणत्याही स्टुडिओवर सोपवू नये.

मेनरोडचा स्टुडिओवाला:
शेवटचा टोला आमच्याच वाट्याला येणार हे ठाऊक होते. ताई, तुमचे लग्न मिनीडीव्हीच्या काळातले असेल आणि टेप घरी कोणाकडे निघाली, तर कळवा. माझा डेक, म्हणजे टेप चालवणारे यंत्र, अजून चालतो. टेपवर बुरशी चढलेली असेल, तर आधी ती साफ करून घ्यावी लागेल, नाहीतर डेकचे हेडही जायचे.